रोज घालता येतील असे नाजूक गॉथिक दागिने – मापं, काळपट रंग आणि टिकाऊपणा

कमानदार

गॉथिक दागिने म्हटलं की जाड क्रॉस, कवट्या आणि गळ्यावर ओझं होईल अशा साखळ्या आठवतात. रोज ऑफिसला, कॉलेजला घालायचं तर यातलं फारसं काही चालत नाही. म्हणून हा धागा फक्त नाजूक कामासाठी. मोटिफ एकच, वजन कमी, कपड्यात अडकणार नाही आणि महिनाभर वापरून कळा जाणार नाही, एवढ्या अटी धरून बोलू.

सुरुवात मूळ वास्तुकलेपासून करतो, कारण नाजूकपणाचं उत्तर तिथेच आहे. पॅरिसजवळच्या सँ-दनीच्या चर्चचा पूर्वेकडचा भाग ११४४ मध्ये पूर्ण झाला, आणि टोकदार कमानी व बरगड्यांच्या छतामुळे भिंतीतला दगड किती कमी करता येतो ते तिथे दिसलं. पुढे खिडक्या इतक्या मोठ्या झाल्या की दगड फक्त रेघेपुरता उरला. दागिन्यातही तेच करायचं. तार बारीक केली की काम नाजूक होतं असं समजून लोक ०.४ मिमीची तार घेतात आणि पहिल्याच आठवड्यात ती वाकते. बाहेरची चौकट ०.८ मिमीची, आतली जाळी ०.६ मिमीची आणि मधली पोकळी भरपूर ठेवा. काम मजबूतही राहतं आणि हलकंही दिसतं.

नमुना म्हणून १२ मिमी रुंदीची खिडकी घेऊ. कमान समभुज, म्हणजे दोन्ही कंसांची त्रिज्या कमानीच्या रुंदीइतकी आणि प्रत्येक कंसाचं केंद्र समोरच्या खांबाच्या माथ्यावर. अशा कमानीची उंची रुंदीच्या ०.८६६ पट असते, म्हणजे इथे १०.४ मिमी. खाली १० मिमीचे सरळ खांब धरले की पूर्ण उंची २०.४ मिमी. रोजच्या पेंडंटला हे माप नेमकं बसतं.

तार ६२ मिमी कापा. बरोबर मध्यावर मार्करने खूण करा, तिथे कमानीचं टोक येणार. टोकापासून दोन्ही बाजूंना १२.६ मिमीवर कंस संपतो, पुढे १० मिमी खांब, मग काटकोन आणि खालच्या पट्टीचे ६-६ मिमी. जास्तीची तार शेवटी कापायची. टोक आधी वाकवा, सपाट तोंडाच्या पक्कडीने, दोन बाजूंमध्ये १२० अंश उरतील इतकं. कंस नंतर. कंस आधी केले तर टोक वाकवताना ते हमखास बिघडतात. कंसासाठी २१ मिमीचा गोल दांडा घ्या. हिशोबाने २३ मिमी येतो, पण तार सोडली की थोडी उघडते, ती सूट धरलेली आहे. चौकटीचा सांधा खालच्या पट्टीच्या मध्यावर येऊ द्या. तिथे लोंबता खडा येणार आहे, म्हणजे सांधा आपोआप झाकला जातो.

आतल्या जाळीची मापं पुढच्या प्रतिसादात देतो.

कमानदार

जाळी: दोन छोट्या कमानी आणि वर मध्ये एक वर्तुळ. गॉथिक खिडकीची ही सगळ्यात ओळखीची मांडणी. कागदावर नुसत्या रेघांनी काढली तर वर्तुळाचा व्यास मोठ्या कमानीच्या बरोबर निम्मा येतो, ६ मिमी. पण तारेला जाडी असते. कागदावरच्या मापाने वर्तुळ केलं तर ते चौकटीत शिरत नाही आणि दाबून बसवलं की कमान फाकते. नवशिक्यांचं काम सगळ्यात जास्त इथे अडतं.

०.८ ची चौकट आणि ०.६ ची जाळी धरून खरी मापं अशी. चौकटीच्या आतली मोकळी रुंदी ११.२ मिमी. प्रत्येक छोट्या कमानीची बाहेरून बाहेर रुंदी ५.६ मिमी, अशा दोन शेजारी बसतात आणि मधे दोन तारांचा जोडखांब तयार होतो. एका छोट्या कमानीला ३० मिमी तार लागते. वर्तुळाचा बाहेरचा व्यास ५.८ मिमी. ते ४.५ मिमीच्या ड्रिल बिटच्या दांड्यावर वळवा, सुटल्यावर जेवढं उघडतं तेवढ्यात माप जमतं. आधी हे सगळं कागदावर पाचपट मोठं काढा, तारेच्या जाडीसकट. ६० मिमी रुंद चित्रात चूक लगेच दिसते.

स्टर्लिंग चांदीत या अख्ख्या खिडकीचं वजन अर्धा ग्रॅम भरतं.

काजळी

फार नेमकी माहिती, कमानदार. सोल्डरिंगबद्दल भर घालते, कारण एवढ्या बारीक जाळीत सोल्डर चुकलं की सगळं काम चिखल झाल्यासारखं दिसतं.

तारा जोडण्याआधीच पॉलिश करा. ६०० आणि मग १००० नंबरचा पेपर तारेवरून लांबीच्या दिशेने ओढायचा. जोडल्यावर ५ मिमीच्या कमानीत कानस फिरत नाही. चौकटीचा सांधा हार्ड सोल्डरने, जाळी मीडियमने आणि कड्या ईझीने जोडा. हार्ड सगळ्यात जास्त तापमानाला वितळतं, म्हणून ते पहिलं. क्रम उलटा केला तर नंतरच्या आचेत आधीचे सांधे सुटतात. प्रत्येक सांध्याला अर्धा मिमी चौकोनाचा तुकडा पुरतो. त्याहून मोठा टाकला की सोल्डर कोपऱ्यात साचतं आणि कमानीच्या टोकाचा धारदारपणा जातो.

सांध्यात फट नको. सोल्डर फट भरत नाही, ते चिकटलेल्या पृष्ठभागांमधून ओढलं जातं. प्रकाशासमोर धरून उजेड दिसतो का ते पाहा. दिसला तर पुन्हा जुळवा.

ज्योत चौकटीभोवती बाहेरून फिरवा, जाळीवर रोखू नका. ०.६ ची तार ०.८ च्या आधी तापते आणि बघता बघता तिचा गोळा होतो. सोल्डर नेहमी गरम भागाकडे धावतं, त्यामुळे जाळी जास्त तापली तर सोल्डर चौकट सोडून तिच्यावर चढतं. सोल्डर नीट वाहावं म्हणून सांध्यावर आधी लावलेला टाकणखाराचा लेप पारदर्शक, काचेसारखा झाला की समजा वेळ जवळ आली. मग दोन-तीन सेकंदांत चकचकीत रेघ धावते, तेव्हाच ज्योत काढायची.

नंतर सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात, साधारण १०० मिलीला १० ग्रॅम, १०-१५ मिनिटं ठेवा. त्या पाण्यात स्टीलचा चिमटा बुडवू नका. पाण्यात उतरलेलं तांबं चांदीवर गुलाबी थर होऊन बसतं. तांब्याचा, पितळेचा किंवा प्लास्टिकचा चिमटा वापरा.

रात्रराणी

माझ्याकडे टॉर्च नाही आणि घरात आग वापरायची तयारीही नाही. हेच डिझाइन सोल्डरशिवाय होईल का? गोंदाने तारा चिकटवल्या तर?

जाळीदार

रात्रराणी, गोंद नको. तारेला तार फक्त एका बिंदूत टेकते, गोंदाला पकड घ्यायला जागाच नसते. एपॉक्सी मोत्याच्या खुंटीला किंवा सपाट तळाच्या खड्याला ठीक, इथे नाही.

बारीक तारेने बांधून होतं आणि छान दिसतं. बांधायला ०.३ मिमीची मऊ तार, एका खिडकीला मीटरभर धरा. छोट्या कमानी चौकटीच्या खांबाला दोन ठिकाणी, मधला जोडखांब दोन ठिकाणी, वर्तुळ चार ठिकाणी: दोन्ही बाजूंना चौकटीला आणि खाली दोन्ही कमानींना. प्रत्येक ठिकाणी तीन वेढे पुरे. चार-पाच घेतले की सांधे गाठींसारखे दिसायला लागतात. वेढे एकमेकांना खेटून बसले पाहिजेत, म्हणून प्रत्येक वेढा झाला की नखाने आधीच्या वेढ्याकडे सरकवा. टोक मागच्या बाजूला आणा, सपाट कापा आणि पक्कडीने आत दाबा. टोक अर्ध्या मिमीहून लांब राहिलं की ते कपड्याचा धागा ओढणारच.

चौकटीचा खालचा सांधा बंद करायला मात्र वेगळी युक्ती आहे. दोन्ही टोकं ६ मिमीऐवजी १० मिमी ठेवा (त्यासाठी तार ६२ ऐवजी ७० मिमी कापा), मधे एकमेकांवरून ८ मिमी जाऊ द्या आणि त्या भागावर ०.३ च्या तारेची सलग गुंडाळी करा. खालची पट्टी मुद्दाम नक्षीदार केल्यासारखी दिसते. चौकटीची तार अर्धकडक घ्या. पूर्ण मऊ तारेची चौकट सोल्डरशिवाय आकार धरत नाही.

रंगीत लेपाची काळी तांब्याची तार या कामाला घेणार असाल तर नायलॉन तोंडाची पक्कड हवीच. साध्या पक्कडीने लेप खरवडला जातो आणि खालचं तांबं दिसतं. त्या तारेवर हातोडी अजिबात नको, लेपाचे पापुद्रे निघतात.

काजळी

आता काळ्या रंगाबद्दल. गॉथिक कामाची अर्धी जादू यातच आहे.

चांदी आणि तांब्यासाठी लिव्हर ऑफ सल्फर, म्हणजे धातू काळा करणारं गंधकाचं रसायन. पितळेवर तो नीट चढत नाही. सोनं, ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टीलवर चढतच नाही. कथलाच्या साध्या सोल्डरवरही नाही. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्सचं सोल्डर वापरून जोडलेल्या कामात सगळं काळं होतं आणि सांधे राखाडी ठिपक्यांसारखे उरतात.

२५० मिली पाणी ६० अंशांच्या आसपास गरम करा, उकळू नका. उकळत्या पाण्यात रसायन लवकर निकामी होतं आणि वासही जास्त सुटतो. त्यात वाटाण्याएवढं जेल. दागिना आधी साबण आणि सोड्याने घासून धुवा आणि नंतर कडा धरूनच उचला. बोटाचा ठसा राहिला तर तिथे डाग उमटतो. दोन-तीन सेकंद बुडवा, थंड पाण्यात धुवा, पुन्हा बुडवा. आधी सोनेरी, मग तांबूस-जांभळा, निळा आणि शेवटी करडा-काळा असा रंग चढत जातो. मनासारखा आला की सोड्याच्या पाण्यात बुडवून थांबवा.

एकाच बुडीत काळंभोर करायच्या नादाला लागू नका. दाट द्रावणात थर जाड आणि ठिसूळ होतो आणि कापडाने पुसल्यावर पोपडे निघतात. पातळ द्रावणात सहा-सात बुड्या मारल्या तर तोच रंग घट्ट बसतो.

खिडकी उघडी ठेवा. आणि हे पक्कं लक्षात ठेवा: लिव्हर ऑफ सल्फरचं द्रावण आम्लाजवळही न्यायचं नाही. सायट्रिक ॲसिडच्या पाण्यातून काढलेला दागिना न धुता यात टाकला किंवा दोन्ही भांडी एकाच मोरीत ओतली तर हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. तो विषारी आहे.

चिमटा_पक्कड

रंग चढवणं सोपं आहे हो, टिकवणं अवघड. काळी केलेली साधी गोल तार रोज घातली तर काही आठवड्यांत पांढरी होते. यावर लॅकर मारायचं की मेण?

काजळी

दोन्हीच्या आधी डिझाइनचा विचार. काळा थर अतिशय पातळ असतो, जिथे कातडी आणि कापड घासतं तिथून तो जाणारच. गुळगुळीत गोल तारेला खाचच नसते, म्हणून ती सगळीकडून उजळते. काळं टिकायला त्याला लपायला जागा द्या. ०.८ च्या एका तारेऐवजी ०.५ च्या दोन तारा एकमेकींना पिळून चौकट केली की पिळाच्या खाचांत काळं वर्षभर राहतं. फक्त पिळाची रुंदी १ मिमी होते, तेव्हा आतली जाळी तेवढी आवळायची. सपाट पट्टी असेल तर छिन्नीने रेघा मारा. जाळीचे कोपरे, सांध्यांचा मागचा भाग, कोंदणाची मुळं इथेही तो टिकतो.

आणि रंग चढवल्यावर उंचवटे मुद्दाम उजळा. ०००० नंबरच्या स्टील वूलने किंवा पॉलिशच्या कापडाने हलक्या हाताने, फक्त वरचा भाग. सुरुवातीलाच उजळ-काळं असं जोडकाम असलं की पुढची झीज डोळ्यांत भरत नाही, उलट ते रूप ठळक होत जातं. सपाट काळा रंग मात्र पहिल्या दिवशी सुंदर दिसतो आणि नंतर डागाळतो.

लॅकर बारीक कामावर मला पटत नाही. कोपऱ्यांत साचतं, कडेने सुटतं आणि दुरुस्तीसाठी आधी ते सगळं काढावं लागतं. मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ थर द्या, पाच मिनिटांनी मऊ कापडाने घासा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा द्या. साखळीला मेणही नको, कड्यांत धूळ धरतं.

धातुवेडी

मेणाच्या मुद्द्यावर सहमत. पण ज्यांना खरोखर पूर्ण काळाच दागिना हवा आहे त्यांनी चांदीचा हट्ट सोडावा. पीव्हीडीने (निर्वात पेटीत धातूवर पातळ, कठीण थर चढवण्याची पद्धत) काळं केलेलं स्टेनलेस स्टील त्याहून कितीतरी जास्त काळ टिकतं. अडचण एकच, अशी तार किंवा साखळी कापली की कापलेलं टोक पांढरं चमकतं. म्हणून तयार लांबीचे भाग घ्या आणि कापलेली टोकं टोपीत किंवा गुंडाळीत लपवा. नायोबियम हा दुसरा पर्याय. तो तापवून काळा करतात, कातडीला त्रास देत नाही आणि हाताने वळतो. कानातल्या हुकांना उत्तम. गनमेटल नावाने मिळणारा मुलामा स्वस्त असतो, पण कड्यांच्या आतल्या बाजूने आधी उडतो.

कानासाठी निकेलचा विचार करा. युरोपीय संघाच्या नियमात कातडीला सतत लागणाऱ्या वस्तूंतून निकेल बाहेर पडण्याची मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला आठवड्याला ०.५ मायक्रोग्रॅम आहे आणि टोचलेल्या भागातल्या दागिन्यांसाठी ०.२. म्हणजे कानातल्याला नियम जास्त कडक. ज्यांना खाज येते त्यांच्यासाठी टायटॅनियम किंवा नायोबियमचे हुक वापरा. काळी केलेली चांदीची दांडी कानाच्या भोकात नको, हुकाचा आत जाणारा भाग नेहमी उजळ आणि गुळगुळीत ठेवा.

जोडीचं वजन एका कानाला ३ ग्रॅमच्या आत असलं तर दिवसभर जाणवत नाही.

गार्नेट_आणि_ओनिक्स

खड्यांवर कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. रोजच्या वापराला कठीणपणा बघा. धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, मोह्स मापावर ते ७. त्याहून मऊ खडा हळूहळू निस्तेज होतो.

काळा स्पिनेल ८, रोजच्या कामाला माझी पहिली पसंती. २ मिमीचे पैलूदार मणी मिळतात, बारीक चमक देतात. गार्नेट ६.५ ते ७.५, गडद लाल, काळ्या चांदीशेजारी याला तोड नाही. काळा ओनिक्स म्हणून जे विकलं जातं ते बहुधा रंगवलेलं अगेट, ६.५ ते ७, चालतं. ऑब्सिडियन ५ ते ५.५ आणि काचेसारखा टवका उडतो, अंगठीत अजिबात नको, पेंडंटमध्ये ठीक. मूनस्टोन आणि लॅब्राडोराइट ६ ते ६.५, पण दोन्हींत फुटीच्या ठरलेल्या दिशा असतात. कोंदणाची कड दाबताना जोर एका बाजूने लावला की आत भेग जाते. समोरासमोरच्या चार जागा आधी दाबा, मग त्यांच्या मधल्या.

हेमॅटाइट सुंदर दिसतो, पण घनता ५.३ च्या आसपास. ६ मिमीच्या मण्यांची अख्खी माळ केली तर जाणवण्याइतकी जड होते. चुंबकाला जोरात चिकटणारा हेमॅटाइट कृत्रिम असतो.

लिव्हर ऑफ सल्फरमध्ये मोती, ओपल, फिरोजा, मॅलकाइट, लॅपिस बुडवू नका. आधी धातू काळा करा, उजळा, मग खडा बसवा. गार्नेट, ओनिक्स, स्पिनेल बसवलेले असतील तर बुडवता येतात.

कमानदारांच्या वर्तुळात ४ मिमीचा घुमटदार गार्नेट बसेल. वर्तुळाची आतली मोकळी जागा ४.६ मिमी भरते, म्हणून कोंदणाच्या भिंतीची पट्टी ०.३ मिमीहून जाड घेऊ नका.

जुनी_पेटी

जेट राहिला. तो खडा नाही, अश्मीभूत लाकूड आहे. इंग्लंडमधलं व्हिट्बी हे त्याचं नावाजलेलं ठिकाण. १८६१ मध्ये प्रिन्स अल्बर्ट वारले, राणी व्हिक्टोरियाने पुढे आयुष्यभर शोकाचा पोशाख ठेवला आणि जेटच्या दागिन्यांची मागणी प्रचंड वाढली. जेट पाण्याहून थोडासाच जड, त्यामुळे मोठे आकारही अंगावर हलके वाटतात. हाताला थंड लागत नाही. झिलई नसलेल्या चिनी मातीवर घासला तर तपकिरी रेघ येते. ‘फ्रेंच जेट’ नावाने जे मिळतं ती काळी काच, ती जड आणि थंड. खरा जेट मऊ असतो, २.५ ते ४, म्हणून ब्रेसलेट-अंगठीत नको, कानातल्यात वापरा.

नाजूक गॉथिक दागिन्याचा खरा पूर्वज मात्र मला बर्लिनचं लोखंडी काम वाटतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रशियात ओतीव लोखंडाचे काळे, जाळीदार दागिने बनत होते आणि नेपोलियनविरुद्धच्या १८१३ च्या युद्धात लोकांनी सोनं देऊन त्याबदल्यात लोखंडी दागिने घेतले. पुढे त्यात टोकदार कमानी आणि खिडक्यांची जाळी आली. संग्रहालयांतले त्यांचे फोटो पाहा. एकेक भाग अंगठ्याच्या नखाएवढा, बारीक कड्यांनी जोडलेला. कमानींच्या तुकड्यांचं ब्रेसलेट करायचं असेल तर तीच रचना उचला. एका मोठ्या पट्टीऐवजी १२-१५ मिमीचे भाग, मधे दोन-दोन कड्या. मनगटावर नीट वळतं.

रात्रराणी

धन्यवाद सगळ्यांना. बांधणीची खिडकी जमली. आता दोन प्रश्न. मखमलीच्या पट्टीचा चोकर करायचा तर लांबी किती ठेवायची? आणि वटवाघूळ किंवा काट्यांच्या वेलीसारखे टोकदार आकार रोजच्या वापरात चालतील का?

जाळीदार

चोकर: १० मिमी रुंद पट्टी, लांबी गळ्याच्या मापापेक्षा २ सेमी कमी, आणि मागे ५ सेमीची वाढीव साखळी. टोकांना १० मिमीचे दातेरी क्लिप. क्लिप लावण्याआधी पट्टीचं टोक पक्कं करा. पॉलिएस्टर असेल तर ज्योतीजवळ नेऊन वितळवता येतं. सुती किंवा व्हिस्कोसची मखमल वितळत नाही, जळते, तिला कापडाच्या गोंदाची पातळ रेघ लावून वाळू द्या. क्लिप कडेपासून मध्याकडे थोडा थोडा दाबा, एकदम दाबला की तिरका बसतो आणि पट्टी निसटते.

गळ्याला घट्ट बसणाऱ्या कुठल्याही दागिन्यात एक कडी मुद्दाम कमजोर ठेवा, ०.६ मिमी तारेची, सोल्डर न केलेली, मागच्या बाजूला. कुठे अडकून जोरात ओढ बसली तर तिने उघडलं पाहिजे. झोपताना चोकर काढूनच ठेवायचा.

चिमटा_पक्कड

वटवाघळाचं मी सांगतो. पत्रा ०.६ मिमी, पंखांचा पसारा १८ मिमी, करवतीचं पातं ४/० किंवा त्याहून बारीक, दात हँडलच्या दिशेने, पात्याला मेण. आतली नक्षी आधी कापा, बाहेरची कड शेवटी. उलट केलं तर धरायला काही उरत नाही. पंखाच्या टोकाची रुंदी १ मिमीहून कमी करू नका. टोक डोळ्याला टोकदार दिसलं तरी त्याची धार कानशीने गोल करा. ०.३ मिमी गोलाई दुरून कळत नाही आणि कपडा वाचतो. पंख अगदी किंचित पुढे वाकवा, लाकडी ठोकळ्यातल्या खळग्यात ठेवून नायलॉन हातोडीने. सपाट पत्र्यापेक्षा तो कडक होतो आणि उजेड-सावली चांगली पडते. टोकं मात्र मागे, अंगाकडे झुकलेली ठेवा.

काट्यांची वेल असेल तर काटे वेलीच्या रेषेला ३० अंशांहून जास्त उभे नकोत. तिरपे काटे कापडावरून सरकतात, उभे अडकतात.

झालेला प्रत्येक दागिना जुन्या नायलॉनच्या मोज्यावर सगळ्या दिशांनी फिरवा. धागा जिथे ओढला जाईल तिथे मार्करने खूण करा आणि ती जागा पुन्हा घासा. ही चाचणी बोटाच्या चाचणीपेक्षा कडक आहे. बोटाला न लागणारी कड मोज्याला लागते.

धातुवेडी

साखळीबद्दल थोडं. एक-दोन ग्रॅमच्या पेंडंटला १.२ मिमीची साधी कड्यांची साखळी, कड्या सोल्डर केलेल्या. ४० किंवा ४५ सेमी. सापसाखळी सुंदर दिसते पण एकदा वाकून मोडली की सरळ होत नाही, रोजच्या वापराला नकोच.

जोडाच्या कड्यांना ०.८ मिमी तार, आतला व्यास ३ मिमी. कडी उघडताना दोन पक्कडींनी टोकं पुढे-मागे सरकवा, बाजूला फाकवू नका. फाकवलेली कडी पुन्हा गोल होत नाही आणि फटीतून साखळी निसटते. बंद करताना टोकं एकमेकांच्या थोडी पुढे नेऊन परत आणा, हलका टक असा आवाज आला की नीट मिटली.

स्वच्छतेचा एक इशारा. ॲल्युमिनियम फॉइल आणि सोड्याचं गरम पाणी किंवा चांदी चमकवायचं तयार द्रावण, दोन्ही मुद्दाम केलेला काळा रंगही काढून टाकतात. काळ्या कामाला फक्त कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश. ठेवताना रबरबँड लावू नका, त्यातल्या गंधकाने उजळलेले भागही काळवंडतात.

रात्रराणी

मोज्याची युक्ती लगेच केली, मागची तीन टोकं सापडली. शेवटची अडचण: खिडकीचं पेंडंट गळ्यात आडवं फिरतं, कधी पूर्ण उलटं होतं. एकच कडी आहे, चौकटीच्या टोकाला, त्यातूनच साखळी ओवली आहे.

कमानदार

दोन कारणं आहेत आणि दोन्ही एकदमच दुरुस्त करा.

पहिलं, कडीची दिशा. पेंडंटच्या प्रतलात असलेल्या कडीतून साखळी ओवली तर साखळी पेंडंटला काटकोनात वळवते, म्हणून ते कडेवर उभं राहतं. मधे आणखी एक कडी घाला. दोन कड्यांनी दिशा बदलते आणि खिडकी समोर बघते. याच हिशोबाने कानातल्यातही हुक आणि नग यांच्यात कड्या किती ते ठरवायचं. समोरून बघणाऱ्या हुकाला आणि बाजूने बघणाऱ्या हुकाला कड्यांची संख्या एकने बदलते.

दुसरं, वजन. अर्ध्या ग्रॅमची खिडकी साखळीच्या पिळापुढेही टिकत नाही. गुरुत्वमध्य खाली आणा. खालच्या पट्टीच्या मध्यावर ६ × ९ मिमीचा ओनिक्सचा थेंब टांगा, तो साधारण तेवढ्याच वजनाचा असतो, म्हणजे एकूण वजन दुप्पट होऊन निम्मं तळाशी येतं. ४ मिमीचा गार्नेट मणी दिसायला छान, पण ०.१३ ग्रॅमच्या आसपास, एकट्याने काम होणार नाही. तीन लावा, मधला ८ मिमी लांबीच्या आणि बाजूचे ५ मिमी लांबीच्या साखळीवर.

तरीही फिरलं तर टोकाची कडी सोडून द्या आणि दोन्ही खांबांच्या माथ्यावर, जिथे कंस सुरू होतो तिथे, बाहेरच्या बाजूने एकेक कडी बांधा आणि साखळीचे दोन तुकडे त्यांना जोडा. दोन बिंदूंवर टांगलेलं पेंडंट सहजासहजी उलटत नाही. कमानीचं टोक मात्र या टांगणीच्या वर १० मिमी राहतं, पुढे कलू शकतं. अशा वेळी खालचा थेंब काढू नका.

रात्रराणी

थेंब हेडपिनवर (एका टोकाला मणी अडवणारी गाठ असलेली तार) ओवून गुंडाळी करायची ना? तार कोणती?

जाळीदार

हो, ०.५ मिमी, थेंबाच्या वर ३५ मिमी शिल्लक ठेवा. मण्याच्या वर २ मिमी सोडून काटकोन, गोल पक्कडीवर २.५ मिमीची कडी, ती मिटण्याआधीच खालच्या पट्टीत अडकवा, मग अडीच वेढे. ते आधी सोडलेले २ मिमी याच वेढ्यांसाठी असतात. जागा कमी ठेवली तर वेढे मण्यावर चढतात आणि भोकाची कड फुटते. ओनिक्सचं भोक कधी कधी ०.५ ची तार घेत नाही, तेव्हा ०.४ ची अर्धकडक घ्या आणि कडी दुहेरी करा. शेवटचं टोक मण्याच्या बाजूला दाबा आणि पुन्हा एकदा मोज्यावर फिरवा.